रामटेकच्या वाटेवर, ग्लायडरची तार धरून

कामठी, कन्हानचा पूल, मनसर. सकाळी हा रस्ता मोकळा मिळतो. टपावर हँग ग्लायडर बांधलेला, म्हणजे माणसानं खाली लटकून उडायचा बिनइंजिनाचा पंख; घडी घातल्यावर तीसेक किलोचा लांबलचक गठ्ठा. वाटेत तर्री-पोहे झाले आणि रामटेकच्या अलीकडची एक टेकडी गाठली. खाली पळस फुलला होता.

ग्लायडर जोडून, दादांना हार्नेसमध्ये लोंबकळवून सगळे पट्टे तपासेपर्यंत साडेदहा वाजले. मार्चमधलं आपल्याकडचं ऊन! मुरूम आणि नांगरलेली शेतं तापली की गरम हवा मधूनमधून वर सुटते आणि तिची जागा घ्यायला आजूबाजूची हवा धाव घेते. मीटरवर वारा ताशी १२ किलोमीटर दिसायचा, बघता बघता २४. वेग दुप्पट झाला की पंखावरचा जोर चौपट होतो. उड्डाणाआधी पंख सावरायला डाव्या पंखाची तार माझ्या हातात होती. आत्ता ढिली, तर पुढच्या क्षणी तळव्यात रुतणारी.

वारा जरा पडला तसं दादा म्हणाले, "सोडा!" चार ढांगा टाकल्या असतील, तेवढ्यात झोत आला. डावा पंख वर गेला, ग्लायडर उजवीकडे कलला, पंखाचं टोक गवतात अडकलं आणि नाक जमिनीवर आदळलं. दादांचं कोपर सोललं, दादा हातात धरतात त्या कंट्रोल बारची उभी नळी वाकली. नळी बदलता येते, माणूस नाही. ग्लायडर उडवणाऱ्या पहिल्यावहिल्या लोकांतला जर्मन ऑटो लिलिएन्थाल तर हजारो उड्डाणं केलेला माणूस. ९ ऑगस्ट १८९६ रोजी त्याचा ग्लायडर हवेतच थबकून कोसळला आणि दुसऱ्या दिवशी तो गेला.

सावलीत बसल्यावर दादा म्हणाले, "सरासरी बघून काही होत नाही गं. वारा पडतो किती आणि चढतो किती, ते बघायचं."

आता आम्ही उतारावर खालपर्यंत रिबिनी बांधतो. खालची आधी फडफडते, म्हणजे येणारा झोत दोन-चार सेकंद आधी कळतो. शेतात वावटळ उठली की त्या दिवसाचं उड्डाण बंद. आणि तार धरणाऱ्यानं गप्प उभं राहायचं नाही, सतत ओरडून सांगायचं: पंख वर ओढत असेल तर "वर!", खाली दबत असेल तर "खाली!", दोन्ही नसेल तर "न्यूट्रल!" दोन्ही बाजूंनी न्यूट्रल ऐकू येत राहिलं तरच दादा धावतात. मीटर एका जागेचा वारा दाखवतो, तार अख्ख्या पंखावरचा. मला हे काम फार आवडायला लागलंय.

नवी नळी मागवली आहे. ती आली की पहाटे चारला नागपूर सोडायचं, ऊन तापायच्या आत दादा हवेत हवेत.