तुम्ही विचारलंत म्हणून: संपलेला गेम पुन्हा कशाला?

‘एकदा संपवलास ना तो गेम? मग परत तोच काय खेळत बसतेस?’ हा प्रश्न मला घरीदारी सारखा ऐकू येतो. विचारणारे खोचकपणे विचारत नाहीत, त्यांना खरंच कोडं पडलेलं असतं. शेवट ठाऊक, दगा कोण देणार ते ठाऊक, मग उरलं काय?

माझ्यापुरतं उत्तर असं की पहिल्या वेळी गेम शिकण्यातच वेळ जातो. मी तो खऱ्या अर्थानं खेळते ती दुसऱ्या वेळी. राजगड एकदा पाहून आलेला माणूस पुढच्या पावसाळ्यात परत निघाला, तर ‘पाहून झाला ना?’ असं त्याला कुणी विचारत नाही. गेमला मात्र आपण गोष्टीच्या मापानं मोजतो: कळली, संपली.

नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमवर जे वाढले, त्यांना हा प्रश्न पडायचाच नाही. कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असं छापलेलं असायचं आणि आत मोजकेच गेम, तेच ते, यादीत पुन्हा पुन्हा. बहुतेकांत सेव्ह करायची सोयच नव्हती. रोज मारिओ पहिल्या पायरीपासून. तेव्हा पुन्हा खेळणं म्हणजेच खेळणं होतं.

पण नाइलाज बाजूला ठेवला तरी काही गेम दुसऱ्यांदा खेळल्याशिवाय उलगडतच नाहीत. १९८९ सालचा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ घ्या. जॉर्डन मेकनर या तरुणानं तो जवळजवळ एकहाती घडवला. राजकन्येला सोडवायला तुमच्याकडे ६० मिनिटं असतात. मेलात तर त्याच पातळीच्या सुरुवातीपासून पुन्हा निघायचं, पण घड्याळ काही मागे फिरत नाही. साहजिकच पहिल्या वेळी सगळा वेळ अंधारात चाचपडण्यात जातो: कुठली फरशी पायाखालून निखळते, कुठल्या बाटलीत विष आहे, कुठल्या कठड्यावरून उडी पोचते. सापळे आणि पहारेकरी दर वेळी जिथल्या तिथे असतात, त्यामुळे एकदा शिकलेलं वाया जात नाही.

त्यातला सावलीचा धागा मला फार आवडतो. चौथ्या पातळीवर एक आरसा वाट अडवून उभा असतो. धावत जाऊन त्यातून उडी मारावी लागते, आणि उडी मारताच दुसऱ्या बाजूनं आपलीच सावली बाहेर पडून पळून जाते. पाचव्या पातळीवर ती आपल्या डोळ्यांदेखत ताकदीची बाटली पिऊन टाकते. सहाव्या पातळीवर नेमक्या क्षणी दार पाडून आपल्याला खाली लोटते. तोवर तिचा इतका राग आलेला असतो की बाराव्या पातळीवर ती समोर आली की हात तलवारीकडेच जातो. वार बसतो आणि शक्ती आपली कमी होते! तिला मारलं तर आपणच मरतो. उपाय एकच, तलवार म्यान करायची. मग तीही म्यान करते, दोघं एकमेकांकडे चालत जातात आणि एक होतात.

हे ठाऊक झाल्यावर गेम पुन्हा सुरू करा. आरशातली उडी तीच, बाटलीही तीच जाते, पण आता पळून जाणारा तो आकार शत्रू वाटत नाही. पुढे तो आपल्यातच परत यायचा आहे, हे मनात असतं. खरं तर ॲपल २ संगणकाच्या मेमरीत आणखी एका पात्राची चित्रं मावत नव्हती, म्हणून मेकनरनं राजकुमाराच्याच चित्रांतून हा प्रतिस्पर्धी उभा केला. अडचणीतून इतकी सुंदर कल्पना निघाली, ती मला आजही थक्क करते. आठव्या पातळीवर दार बंद होतं आणि आपण अडकतो, तेव्हा राजकन्येचा पांढरा उंदीर येऊन कळ दाबतो. पहिल्यांदा तिथे आपण वेड्यासारखे इकडेतिकडे धावत असतो. पुढच्या वेळी घड्याळ चालू असतानाही निवांत उभं राहता येतं.

गेम करणाऱ्यांनाही हे फार आधीपासून उमगलेलं आहे. १९८६च्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा’त भुयारं आखताना ठरलेल्या जागेपैकी अर्धीच वापरली गेली होती. उरलेल्या अर्ध्यात वेगळी भुयारं बसवून त्यांनी दुसरी मोहीमच करून टाकली. १९९५च्या ‘क्रोनो ट्रिगर’नं ‘न्यू गेम प्लस’ हा शब्द रूढ केला: कमावलेली ताकद आणि हत्यारं घेऊन पुन्हा आरंभापासून निघायचं, आणि शेवटच्या शत्रूला कधी हरवता त्यावर डझनभर निरनिराळे शेवट. १९८५चा मारिओ पाच मिनिटांच्या आत संपवणारे स्पीडरनर ही तर वेगळीच साधना. माझा तो पिंड नाही, पण त्यांचं खेळणं मी मन लावून बघते.

सगळेच गेम मी परत खेळते का? नाही. २०१९चा ‘आउटर वाइल्ड्स’ मनात असूनही खेळता येत नाही. त्यात दर २२ मिनिटांनी सूर्याचा स्फोट होतो आणि काळ मागे जातो. हत्यार नाही, ताकद वाढत नाही. मिळते ती फक्त माहिती, आणि तीच किल्ली असते. सगळं ठाऊक असलेला माणूस एका फेरीतच शेवट गाठू शकतो. एकदा कळलेलं विसरता येत नाही, तिथे कुणाचाच इलाज नाही. अशा वेळी तो दुसऱ्या कुणाला खेळायला द्यायचा आणि शेजारी गप्प बसून बघायचं. तेही सुख कमी नाही.

आणि एक गेम मी मुद्दाम खेळत नाही. २०१५चा टोबी फॉक्सचा ‘अंडरटेल’ आधीच्या फेऱ्या लक्षात ठेवतो. सुरुवातीला माया लावणाऱ्या टोरिएलला तुम्ही मारलंत, पस्तावलात, मागची सेव्ह उघडून या वेळी तिला सोडून दिलंत, तर फ्लाउई नावाचं फूल तुम्हाला ऐकवतं की तू काय केलंस ते मला माहीत आहे. सर्वांत सुखाचा शेवट गाठून गेम पुन्हा उघडलात, तर तेच फूल विनवतं की सगळे आता सुखात आहेत, त्यांना त्यांचं आयुष्य जगू दे. मला ते विनवणं खरं वाटतं. मी ते मानलं.

‘इतके नवे गेम येतात, ते कधी खेळणार?’ हा पुढचा प्रश्नही ठरलेला. नवेही खेळते. पण स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात अचिव्हमेंट्सचे, म्हणजे किती खेळाडू कुठवर पोचले त्याचे, आकडे बघितलेत तर बऱ्याच गेमचा शेवट निम्म्याहून कमी लोक गाठतात, असं दिसेल. मग नवे गेम नुसते जमवत राहायची घाई कशाला?

कुठून सुरुवात करू असं विचाराल, तर २०२०चा ‘राजी’ घ्या. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं केलेला, पाच-सहा तासांत होणारा. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधत निघालेली राजी, आणि तिची गोष्ट सांगणारे दुर्गा आणि विष्णू. पहिल्या वेळी सगळं लक्ष त्रिशूळ चालवण्यात आणि चुकवाचुकवीत असतं. दुसऱ्यांदा जाल तेव्हा भिंतींवरच्या चित्रांपाशी जरा थांबा. राजी जवळ गेली की निवेदक त्यातल्या देवादिकांच्या कथा सांगू लागतात, आणि लढाईच्या धांदलीत नेमकं तेच ऐकायचं राहून गेलेलं असतं.