सलाईनमधली साखर

आहारशास्त्राच्या एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी रीफीडिंग सिंड्रोम मला इतका पाठ होता की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितला असता. दीर्घ उपासमारीत शरीर चरबीवर चालतं, इन्शुलिन तळाला जातं. मग अचानक पिष्टमय अन्न मिळालं की इन्शुलिन उसळतं आणि पेशी रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम आत ओढून घेतात. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेले काही कैदी अन्न मिळाल्यावर दगावले, ते यामुळेच. परीक्षेत यावर दोन पानं लिहिली की मार्क ठरलेले.

इंटर्नशिपमध्ये वॉर्डात एक आजी आल्या. अन्ननलिका आकसलेली, बारा दिवस पाण्याचे घोट सोडून पोटात काही नाही. वजन 36 किलो, बीएमआय 15 च्या आसपास. फॉस्फेट 2.9, म्हणजे नॉर्मल. या 'नॉर्मल'वरच लोक फसतात. पेशींतला साठा आटलेला असतो, रक्तातला आकडा मात्र सभ्य दिसतो. मी फसले नाही. किलोला 10 कॅलरी धरून दिवसाच्या 360 ठरवल्या. नाकातल्या नळीतून दर चार तासांनी 60 मिली फीड, मिलीला एक कॅलरी. फीडच्या आधी थायमिन, म्हणजे साखर जाळायला लागणारं बी1 जीवनसत्त्व. राउंडला सर म्हणाले, "एवढंसंच? त्यांना भूक लागलीय." मी कारण सांगितलं, त्यांनी मान डोलावली. दिवसभर मी हवेत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी पायांवर सूज, श्वास उथळ. हात धरला तर बोटं बारीक थरथरत होती. फॉस्फेट 1.3.

डाएट शीट पुन्हा पुन्हा तपासली. फीड बरोबर. नातेवाइकांवर संशय घेतला (घ्यावाच लागतो, माया आडून काय काय भरवते ते वॉर्डात काम केलेल्यांना विचारा). मुलगा बिचारा शपथेवर आला. तेवढ्यात सिस्टर सलाईनची बाटली बदलायला आल्या आणि बाटलीवरचं लेबल मी पहिल्यांदा वाचलं. पाच टक्के डेक्स्ट्रोज. रोज दोन लिटर, म्हणजे 100 ग्रॅम. ग्रॅमला 3.4 धरल्या तर 340 कॅलरी. 360 मध्ये 340 मिळवले की 700. माझ्या हिशेबाच्या जवळजवळ दुप्पट, आणि ती ज्यादा भर निव्वळ साखरेची. शिवाय पहिली बाटली रात्रीच लागलेली, थायमिनच्या आधी.

डॉक्टरांच्या लेखी सलाईन म्हणजे पाणी. सिस्टरांच्या लेखी मिलीलिटर. कॅलरी बघायची ती मी, आणि मी फक्त नळी बघत होते. बाटली तीन दिवस माझ्या डोक्यापासून हातभर उंचीवर लटकत होती.

डेक्स्ट्रोज थांबलं, फीड निम्म्यावर आलं, शिरेतून फॉस्फेट सुरू झालं. फॉस्फेटशिवाय एटीपी, म्हणजे पेशींचं इंधन, बनत नाही आणि एटीपीशिवाय श्वासाचे स्नायूही हलत नाहीत, हे वाक्य मी कितीदा लिहिलं असेल. त्या रात्री ते आजींच्या बरगड्यांवर दिसत होतं. दोन दिवसांत आकडे वर आले, मग फीड थोडं थोडं वाढवलं.

कोणी मला बोललं नाही. मॅडम म्हणाल्या, "होतं असं." खरं तर त्यांनी ओरडायला हवं होतं. वॉर्डाच्या चार्टात तोंडाने किती, नळीतून किती, एवढेच दोन रकाने आहेत. सलाईनमधल्या कॅलरींचा रकाना मी हल्ली पेनने आखते. पाळी बदलली की नवा कोरा चार्ट लागतो, मी परत आखते.

डिस्चार्जच्या दिवशी आजींच्या आवाजात जोर आला होता. फाइल घ्यायला गेले तर त्यांनी मला नीट निरखलं आणि मुलाला म्हणाल्या, "हीच रे ती. भूक लागली म्हणून खुणा करत होते, तर माझं खाणं निम्मं करून गेली."

मुलगा ओशाळून हसला. मी आजींना काही सांगितलं नाही.