पहाटे ५:१० ला दिसलेली भरती

काकूंचा फोन आला तेव्हा सव्वापाच वाजले होते. हर्णैला त्यांच्या तीन खोल्या आहेत, पाहुण्यांसाठी वेबसाइट मी करून दिलेली, तिच्या पानावर रोजची भरतीची वेळ दिसते. "अरे, पाहुणे सुवर्णदुर्गाला जायचं म्हणून उठून बसलेत आणि आबा म्हणतायत पानावरची भरती चुकलीय."

मागून आबांचा आवाज आला, "आज पंचमी. पाच पाऊण पावणेचार. हा तीन दाखवतोय. तीन कालची झाली."

आमच्या किनाऱ्यावर भरतीची ठोकळ वेळ अशीच काढतात, तिथीची पाऊणपट. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, त्याचं हे तोंडी गणित. आबांनी उभा जन्म होडी चालवली ती याच हिशोबावर. पाणी पुरेसं चढल्याशिवाय होडी काठाला लागत नाही, त्यामुळे त्यांच्या लेखी पाऊण तास म्हणजे अख्खी फेरी.

मी दापोलीत लॅपटॉप उघडला. पान बरोबर होतं. आजची तारीख, आजची भरती. पुन्हा लोड केलं तेव्हा दिसलं: क्षणभर कालची तारीख येते आणि पापणी लवायच्या आत आजची होते.

पान आधी सर्व्हरवर तयार होऊन एचटीएमएल म्हणून येतं, मग जावास्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारा कोड, पोचली की पान बांधणारं साधन रिअ‍ॅक्ट त्याचा ताबा घेतं. त्याला हायड्रेशन म्हणतात. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, आपल्या साडेपाच तास मागे. मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत त्याच्या लेखी कालचाच दिवस चालू असतो. माझ्याकडे ब्रॉडबँड, म्हणून चूक लगेच झाकली जात होती. काकूंच्या अंगणात रेंजची एक काडी. तिथे जावास्क्रिप्ट पोचलीच नाही आणि कालचं पान तसंच राहिलं.

मला लागलं ते वेगळंच. टेस्ट, म्हणजे कोड तपासणारे छोटे प्रोग्राम, सगळ्या हिरव्या होत्या, म्हणजे पास. मीच लिहिलेल्या, आणि त्यांच्यावर माझा विश्वास होता. उघडून बघितल्या तर प्रत्येक टेस्ट जेएसडॉममध्ये, म्हणजे खोट्या ब्राउझरमध्ये, कंपोनंट चढवून बघत होती. सर्व्हरवर काय तयार होतं ते एकही टेस्ट बघत नव्हती. वर अपेक्षित तारीखही मी टेस्टमध्ये कोडमधल्याच न्यू डेटने, म्हणजे यंत्राच्या घड्याळावरून आत्ताची वेळ देणाऱ्या आज्ञेने, काढलेली. कोड चुकला की टेस्टही त्याच्याबरोबर चुकणार आणि दोघं एकमेकांना बरोबर म्हणणार. आबांनी मात्र उत्तर दुसऱ्या वाटेने काढलं होतं, म्हणून त्यांना चूक दिसली.

दुरुस्ती एका ओळीची होती: तारीख काढताना टाइमझोन एशिया/कोलकाता, म्हणजे भारतीय वेळ, असं स्पष्ट सांगायचं. ती सहा वाजायच्या आत चढवली, काकूंना फोन केला. दिवस गेला तो टेस्टमध्ये.

पहिली टेस्ट साध्या नोडमध्ये, म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, जेएसडॉमशिवाय. टाइमझोन यूटीसी, घड्याळ रात्री २३:४० वर गोठवलेलं, म्हणजे आपले पहाटे ५:१०. रेंडर-टू-स्ट्रिंगने, म्हणजे सर्व्हरवर पान तयार करणाऱ्या फंक्शनने, जे एचटीएमएल निघेल त्यात कोणती तारीख हवी, ती हाताने लिहिली. जुन्या कोडवर चालवली आणि ती लाल झाली. त्या लाल रेघेने मला दिवसभरात पहिल्यांदा बरं वाटलं.

दुसरी प्लेराइटमध्ये, म्हणजे खरा ब्राउझर चालवून बघणाऱ्या साधनात, जावास्क्रिप्ट बंद ठेवून. काकूंच्या अंगणातला फोन म्हणजे हाच. इथे तासभर अडलो. प्लेराइटचं घड्याळ फिरवलं की फक्त ब्राउझरची वेळ बदलते, सर्व्हर वेगळी प्रोसेस, त्याला पत्ताच नसतो. शेवटी 'आत्ता किती वाजले' हे सगळ्या कोडने एकाच फंक्शनला विचारायचं असं केलं आणि टेस्टच्या वेळी त्या फंक्शनला वेळ बाहेरून दिली.

तिसरी जावास्क्रिप्ट चालू ठेवून, पानावर एकही एरर आली तर नापास. रिअ‍ॅक्ट १८ सर्व्हरचा आणि ब्राउझरचा मजकूर जुळला नाही तर प्रॉडक्शनमध्येही, म्हणजे लोक वापरतात त्या खऱ्या साइटवरही, ४२५ क्रमांकाची एरर देतं. पूर्वीही देत असणार, मी ऐकत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मीच काकूंना फोन लावला. फोन आबांनी घेतला. "सहा पाऊण साडेचार," ते म्हणाले, मग थोडं थांबून, "हां, आज जुळतंय."