रेडटेलच्या घशात अडकलेला सकर

घरोघरी जाऊन माशांच्या टाक्या सांभाळणं हे माझं काम. मोठे शिकारी मासे पाळणाऱ्यांचे फोन बहुतेक दोनच कारणांसाठी येतात: पाणी सारखं गढूळ होतंय, नाहीतर टाकीतला एखादा मासा गायब झालाय. त्या दिवशीचा फोन वेगळा होता. "आमच्या माशाचं तोंडच मिटत नाहीये. लगेच येता का?"

जाऊन बघतो तर सहा बाय दोन बाय दोन फुटांची टाकी आणि आत टाकीच्या रुंदीपेक्षाही लांब असा रेडटेल कॅटफिश. वळायचं झालं की अंग दुमडून वळायचा. काचेला घासून घासून लाल शेपटीची कड झिजली होती. जबडा सताड उघडा, मिशा ताठ, आणि तोंडातून सकरची, म्हणजे काचेला चिकटून शेवाळ खाणाऱ्या माशाची, शेपटी बाहेर आलेली. ती हलत होती.

सकर आणला होता शेवाळ खायला. दुकानातून हाच सल्ला मिळतो आणि मला त्याची भयंकर चीड येते. रेडटेल तोंडात मावेल ते गिळतो, सोबती शांत आहे की भांडखोर याच्याशी त्याला देणंघेणं नाही. साधा मासा डोक्याकडून आत गेला की खवले आणि पर मागे दबतात आणि तो सरळ पोटात जातो. सकर मात्र घाबरला की छातीजवळचे पर फाकवतो. त्या परांचा पुढचा जाड काटा मुळाशीच अडकून पक्का बसतो, दाबून मिटत नाही. वरून अंगावर हाडांच्या पट्ट्या. त्यामुळे रेडटेलला तो गिळताही येईना आणि ओकताही येईना.

"पकडीने ओढून काढा ना," मालक म्हणाले. तसं केलं असतं तर काट्यांनी घसा आणि कल्ले फाटले असते. काटे आतच कापायला हवे होते, आणि त्यासाठी मासा निपचित हवा.

मोठ्या टबात टाकीचंच पाणी घेतलं, हवेचे बुडबुडे सोडणारा एअरस्टोन सोडला. रेडटेलला जाळीत मी कधीच धरत नाही, त्याच्या स्वतःच्या परांचे काटे जाळीत गुंततात. ओल्या प्लॅस्टिकच्या कापडाची झोळी केली आणि मालक व मी दोघांनी मिळून उचलला. लवंगेचं तेल बाटलीत पाण्याबरोबर खूप हलवून थोडं थोडं टबात ओतत गेलो. एकदम ओतलं तर मासा झोपतो तो कायमचाच. हळूहळू तो एका कुशीवर कलला. कल्ले संथ, पण चालू होते. बोटांनी चाचपून एका बाजूचा काटा सापडवला, वायर कापायचा कटर आत सरकवला. कट्‌. दुसऱ्या बाजूचा काटा आत खोल रुतला होता, तो दोनदा निसटला. तोही तुटल्यावर सकर शेपटीकडून अलगद बाहेर आला.

ताज्या पाण्यात रेडटेलला धरून उघड्या तोंडावर पाण्याचा झोत सोडत राहिलो. बऱ्याच वेळाने त्याने शेपटीचा असा फटका मारला की आम्ही दोघे भिजलो. घशात ओरखडे होते, म्हणून आठवडाभर खाणं बंद आणि रोज थोडं पाणी बदलायला सांगितलं. सकरही जिवंत निघाला! काटे तुटके, अंग खरचटलेलं, पण त्याला वेगळ्या टाकीत ठेवलं तेव्हा काचेला चिकटला.

मग मालकांनी विचारलं, "हा अजून किती वाढेल?" त्यांनी आणला तेव्हा तो बोटाएवढा होता म्हणे. ॲमेझॉन आणि ओरिनोको नद्यांतला हा मासा मीटरभराच्या पुढे जातो, हे विकताना कोणी सांगितलं नव्हतं. "मत्स्यालयाला देऊन टाकू?" देता येईल, पण घरात न मावणारे रेडटेल त्यांच्याकडे इतके येतात की बहुतेक जण नाहीच म्हणतात. नदीत किंवा तळ्यात सोडायचं नावही काढू नका, म्हटलं, तिथले मासे संपवेल. घराच्या मागच्या बाजूला हौद बांधण्याइतकी मोकळी जागा होती. टेप काढला आणि हौदाची मापं घ्यायला लागलो. हीटर आणि फिल्टर धरून खर्च ऐकल्यावर ते म्हणाले, बायकोला विचारून सांगतो.