वजा आलेला सिग्मा-स्क्वेअर

इंडस-२ वर (इंदूरचा सिंक्रोट्रॉन, म्हणजे तीव्र क्ष-किरणांचा स्रोत) रात्रभर जागून झिंक ऑक्साइडचे एक्झाफ्स स्कॅन घेतले (क्ष-किरणांच्या शोषणातल्या बारीक लाटांवरून अणूचे शेजारी आणि त्यांची अंतरं काढायची पद्धत) आणि इंदूरहून पुण्याला येईपर्यंत गाडीत मनाशी ठरवूनच टाकलं: फिटिंग, म्हणजे मॉडेल डेटाशी जुळवणं, के-स्पेसमध्येच करायचं, त्या लाटा इलेक्ट्रॉनच्या तरंगसंख्येच्या (के) अक्षावर आहेत तिथेच. लाटा अंतराच्या अक्षावर (आर-स्पेस) नेणारा फूरिये ट्रान्सफॉर्म म्हणजे डेटावर आणखी एक संस्कार, तो कशाला? मोजलंय तेच फिट करू. तेव्हा मला हे फार सोवळं वाटलं होतं.

आर्टेमिसमध्ये (फिटिंगचं सॉफ्टवेअर) एकच पाथ, म्हणजे शेजाऱ्यावर आपटून इलेक्ट्रॉन परतायची एकच वाट, घेतला, झिंकभोवतीच्या चार ऑक्सिजनचा. के ३ ते १२, वजन के-क्यूब (डेटा के-च्या घनाने गुणलेला). फिट भयानक आलं आणि सिग्मा-स्क्वेअर चक्क वजा! अंतरातल्या चढउतारांच्या वर्गाची सरासरी वजा कशी येईल? मी दोन दिवस बॅकग्राउंडला, म्हणजे डेटातून आधी काढून टाकलेल्या गुळगुळीत भागाला, दोष देत बसले.

लॅबमधल्या ताईने पडद्याकडे बघून एवढंच विचारलं, "अगं, बारा झिंक कुठे गेले?"

ऑक्सिजन हलका. त्याचं बॅकस्कॅटरिंग (इलेक्ट्रॉन परत फेकणं) मोठ्या के-ला विरून जातं. तिथे दिसणारी आंदोलनं बरीचशी ३.२ अँगस्ट्रॉमवरच्या बारा शेजारी झिंकची असतात, आणि के-क्यूबने ती आणखी फुगतात. माझ्या मॉडेलमध्ये झिंक नव्हताच. मग बिचारा ऑक्सिजन तीही भरून काढायला गेला, आणि मोठ्या के-पर्यंत तग धरायचा त्याच्याकडे एकच मार्ग होता: मोठ्या के-ला आंदोलनं दाबणारा सिग्मा-स्क्वेअर शून्याच्याही खाली नेणं. अख्ख्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग ऐकून एकट्या टाळकऱ्याला गुण देण्यासारखं झालं ते.

आर-स्पेसमध्ये १ ते २ अँगस्ट्रॉम एवढीच खिडकी ठेवली आणि झिंकचं शिखर बहुतेक बाहेर राहिलं. झिंक-ऑक्सिजन अंतर १.९७ आलं, सिग्मा-स्क्वेअर मुकाट्याने धन झाला. (आलेखात ते शिखर १.५ च्या आसपास दिसतं, फेज शिफ्टमुळे, म्हणजे विखुरताना लाट थोडी सरकते म्हणून. पहिल्यांदा बघणारा हमखास दचकतो.) मात्र या खिडकीची किंमत मोजावी लागते. स्वतंत्र बिंदू, म्हणजे चलघटकांच्या संख्येची वरची मर्यादा: २ × ९ (के-ची रुंदी) × १ (खिडकीची रुंदी) भागिले पाय, जेमतेम ५.७. माझे चलघटक चार: अ‍ॅम्प्लिट्यूड, ई-नॉट (ऊर्जेचा शून्यबिंदू), अंतरातला बदल, सिग्मा-स्क्वेअर. पाचवा घालायचा मोह झाला होता, आवरला.

क्यू-स्पेसही करून पाहिलं. तीच खिडकी उलट फूरियेने पुन्हा के-सारख्या अक्षावर फिरवलेली, माहिती तीच, त्यामुळे उत्तरंही जवळपास तीच. आर-स्पेसमध्ये फक्त मॅग्निट्यूड जुळलं म्हणून खूश होऊ नये, खरा आणि काल्पनिक भागही बघावा, हे मात्र ताईकडूनच शिकले.

के-स्पेस वाईट नाही. पाण्यातल्या झिंक आयनाभोवती सहा ऑक्सिजनचं जवळजवळ एकच कवच असतं, तिथे मी आजही ते बिनधास्त वापरेन. झिंक ऑक्साइडला वापरायचं तर दूरची सगळी कवचं मॉडेलमध्ये हवीत.

थीसिसमध्ये आर आणि के, दोन्ही आलेख दिलेत. के-चा नसला तर परीक्षक मागतातच.