बांबूचे अनुदान आणि मधली दोन वर्षे

कुडाळजवळच्या आमच्या मामांनी बांधालगतच्या पडीक जमिनीत माणगा जातीचा बांबू लावला, त्याला आता काही वर्षे झाली. 2017 मध्ये भारतीय वन अधिनियमात दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेरील बांबू 'वृक्ष' या व्याख्येतून वगळला गेला आणि तोड-वाहतुकीच्या परवान्याची मोठी कटकट कमी झाली. माझ्या मते शेतकऱ्याला कोणत्याही रकमेपेक्षा याचाच उपयोग अधिक झाला. 2018 पासूनच्या पुनर्रचित राष्ट्रीय बांबू अभियानात खासगी लागवडीला खर्चाच्या निम्मे अनुदान तीन वर्षांत 50, 30 आणि 20 टक्के अशा हप्त्यांनी देण्याची तरतूद होती.

अडचण अशी की बेटातून विकण्याजोग्या काठ्या साधारण चौथ्या-पाचव्या वर्षापासून निघतात, म्हणजे अनुदान संपते तेव्हा उत्पन्न सुरू झालेले नसते. ती मधली वर्षे मामींनी काजूबिया आणि कोकमावर काढली. ज्याच्याकडे असा दुसरा आधार नाही, तो भूमिहीन किंवा अर्ध्या एकराचा धनी या योजनेत येणार तरी कसा? मामा सध्या जूनपूर्वी बेटे साफ करून जुन्या काठ्या तेवढ्या तोडतात आणि कोवळ्या कोंबांना हात लावू देत नाहीत.