उन्हं उतरेपर्यंत

लिफ्ट बंद होती म्हणून दुपारी तीनच्या सुमारास मी जिना चढत होते. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आमच्या वरच्या घरातला पाचवीतला मुलगा फरशीला पाठ टेकून, दोन्ही पाय भिंतीवर उभे लावून, पुस्तक डोळ्यांवर धरून पडला होता. पुस्तक फास्टर फेणेचं, नव्या आवृत्तीचं, गुळगुळीत मुखपृष्ठाचं. मी विचारलं, "अरे, घरातला पंखा सोडून इथे काय?" तो पुस्तक न हलवता म्हणाला, "घरात आजी सारखी विचारते, काय वाचतोस, कुठवर आलं." आणि त्यानं पान उलटलं. काकू, तुम्ही आता जा, असा त्याचा अर्थ होता. मी साडी आवरून त्याला ओलांडून वर गेले.

वाचनाबद्दल इतकं मुद्द्याचं मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

माझी एक खोड आहे. मुलांच्या पुस्तकांची वेळ दुपारची, असं माझं मत आहे आणि ते मी कोणी न विचारताही सांगते. रात्री झोपताना मुलांना पुस्तक वाचून दाखवावं म्हणतात. दाखवावं, काही बिघडत नाही. पण रात्रीचं पुस्तक झोप यावी म्हणून असतं आणि दुपारचं, झोप येत नाही म्हणून. रात्रीच्या पुस्तकाला एक मोठं माणूस लागतं. दुपारच्या पुस्तकाला घरातली सगळी मोठी माणसं झोपलेली लागतात.

आमच्या आजोळी, साताऱ्याला, मे महिन्यात एकच कायदा होता: उन्हं उतरल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. घोळणा फुटेल, उन्हाळी लागेल, घामोळं उठेल, ही त्याची कलमं आजी जेवतानाच ऐकवायची. मग पानं उचलली, शेणगोळा फिरला की मोठी माणसं एकेक करून आडवी व्हायची. आजोबा झोपाळ्यावर, मामा माजघरात उघड्या अंगानं, आजी आणि मामी स्वयंपाकघरात उशाला पाट घेऊन. थोड्या वेळानं झोपाळ्याची कडी वाजायची थांबली की ओळखायचं, वाडा झोपला.

आम्ही सोप्यात पालथे पडायचो. शहाबादी फरशी पोटाला गार लागायची. ती गरम झाली की हातभर पुढे सरकायचं. वाचनालयाचं कार्ड घरात एकच, त्यावर एका वेळी एकच पुस्तक, आणि सकाळी नेलेलं पुस्तक त्याच दिवशी बदलून मिळत नसे. एवढ्यावर चार जणांनी दुपार काढायची. मधला दादा पानांचा मालक. तो भराभर वाचायचा आणि कोणाची वाट न बघता पान उलटायचा. मी सगळ्यांत धाकटी, त्याच्या कोपराखालून वाचायचे. कोपर हलत नसे. त्यामुळे डाव्या पानाच्या तळाच्या चार ओळी मला कधी दिसल्याच नाहीत आणि बऱ्याच गोष्टींतलं तेवढं मला अजूनही माहीत नाही. माझं काही अडलं नाही. कदाचित त्या ओळी नसत्या तरी चाललं असतं.

पुस्तक संपलं की मासिकं. चांदोबाचे अंक मामानं बांधून घेतले होते. चांदोबा मूळचा मद्रासचा, जुलै १९४७ मध्ये तेलुगू आणि तमिळमधून निघाला आणि मराठीत १९५२ साली आला, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा आमच्या लेखी तो मामाच्याच कपाटात तयार व्हायचा. फक्त ताईला शंका यायची. म्हणायची, चित्रातल्या देवळांना गोपुरं कशी आणि बायका अशा का नेसतात? आम्ही म्हणायचो, गप्प बस, वाचू दे. किशोरची गोष्ट वेगळी. १९७१ च्या नोव्हेंबरात बालभारतीनं तो काढला, म्हणजे ज्या घरून आमचा भूगोल यायचा त्याच घरून किशोर येत होता. भूगोलावरचा राग त्यामुळे थोडा कमी व्हायला हवा होता. झाला नाही.

आणि भा. रा. भागवत. १९१० साली जन्मलेला, चाळिशी ओलांडताना बालमित्र नावाचं मासिक काढणारा हा गृहस्थ आमच्या वाड्यातला एक भिडूच होता. ज्यूल व्हर्नच्या कादंबरीतली माणसं चंद्राकडे निघाली ती आमच्यासाठी त्यांच्याच मराठीतून निघाली. फास्टर फेणे तर त्यांचाच. या बनेश फेणेचं घर फुरसुंगीला आणि शाळा पुण्यात, यातली खुबी मला मोठेपणी दिसली: लेखकानं पहिल्या झटक्यात आईला लांब ठेवलं. आई हाकेच्या अंतरावर असती तर चोराच्या मागे सायकल घालायच्या आधी दूध पिऊन जावं लागलं असतं. ताम्हनकरांचा गोट्या तर अनाथच. चांगल्या पुस्तकांत मोठी माणसं अशी कुठेतरी पलीकडे असतात, आमच्या वाड्यातल्यासारखी झोपलेली. याला एक अपवाद होता, श्यामची आई. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, आणि त्यात पानोपानी आई जागी आहे. ते पुस्तक मी सुट्टीत हातात धरत नसे. रडू यायचं, आणि डोळे लाल करून खेळायला गेलं की सगळे विचारायचे, कोणी मारलं.

वाचलेलं लगेच खेळून बघायची सवय मात्र आम्हाला चांदोबानं लावली. विक्रम-वेताळाचं ते चित्र आठवतं ना? हातात तलवार, खांद्यावर प्रेत. ते काढणारे शंकर, म्हणजे के. सी. शिवशंकरन, २०२० साली गेले तेव्हा बातमीत मी त्यांचा चेहरा पहिल्यांदा पाहिला. चित्र मात्र जन्मभर ओळखीचं. तर दादा विक्रम. प्रेत मी, कारण मी सगळ्यांत हलकी. मला परसातल्या पेरूवर चढवायचं, दादानं मला उतरवून खांद्यावर टाकायचं आणि विहिरीपर्यंत न्यायचं. (परसू उंबऱ्याच्या आत धरायचं की बाहेर, यावर आजीच्या कायद्यात खुलासा नव्हता.) वाटेत प्रेतानं गोष्ट सांगायची, शेवटी प्रश्न टाकायचा. उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील, आणि बोललास तर मी पुन्हा झाडावर. घर झोपलेलं, म्हणून सगळं कुजबुजत चालायचं. डोकं खाली, केस लोंबतायत, नाकात दादाच्या सदऱ्याचा घाम, अशा अवस्थेत मी गोष्ट रचायचे. एक राजा होता, त्याला दोन राण्या, एकीला पेरू आवडत नसत. दादाला उत्तर कधी यायचं नाही, पण गप्प राहणंही जमायचं नाही. अर्ध्या वाटेतच तो विचारायचा, "मग पुढे काय झालं?" बोलला! मी निसटून पेरूवर. पुन्हा पहिल्यापासून. त्या सुट्टीत माझी एकही गोष्ट विहिरीपर्यंत पोचली नाही. शेवट मला सुचलेलाच नसायचा, त्यामुळे माझी तक्रारही नव्हती.

उन्हं उतरली की नाही हे ठरवायला घड्याळ नव्हतं. परसातल्या भिंतीची सावली तुळशीवृंदावनाच्या पायरीला लागली की उतरली. दादा कधीकधी पायरीच्या अलीकडे एक वीट ठेवून बघायचा आणि सावली विटेला लागली की "लागली, लागली" म्हणून ओरडायचा. आजी उठायची, वीट उचलायची आणि पुन्हा झोपायची. खरंच लागली की पुस्तक जिथल्या तिथे पालथं पडायचं आणि सगळे बाहेर.

मग काय काय असायचं ते मी सांगायला नको. अडम तडम तडतड बाजा. सुटणं. राज्य. विटीदांडूत वकट, लेंड, मुंड करत विटी मुठीवरून थेट डोळ्यापर्यंत चढायची आणि आया घरात बसून दात-ओठ खायच्या. लगोरीसाठी फुटक्या फरशीचे सात चपटे तुकडे वर्षभर ओट्याखाली जपून ठेवलेले असत. देवळामागच्या वडावर सूरपारंब्या. मी बराच काळ कच्चा लिंबू होते, म्हणजे धावायचं सगळ्यांच्या बरोबरीनं, पण राज्य यायचं नाही. लोकांना हा अपमान का वाटतो कळत नाही. इतकं सुखाचं पद मला पुढे कुठल्याच नोकरीत मिळालं नाही. आणि टॅम्प्लीज! बोटाला थुंकी लावून मूठ वर केली की संपलं, पाठलाग जागच्या जागी थांबायचा. चप्पल तुटली, चड्डीची नाडी सुटली, पायात बाभळीचा काटा गेला, टॅम्प्लीज. समोरचा रागानं कितीही लाल झालेला असो, मूठ खाली येईपर्यंत तो हात लावत नसे. टॅम्प्लीज खोटं घेणारी मुलं होती, पण खरं घेतलेलं टॅम्प्लीज मोडणारा मी पाहिला नाही.

"आमच्या वेळी" अशी सुरुवात करून बोलणारी माणसं मला सोसत नाहीत. आमच्या वेळी लगोरीच्या चेंडूनं डोळे सुजायचे, वडावरून पडून हात मोडायचे आणि मोडला म्हणून वर मारही मिळायचा. आताची मुलं खेळत नाहीत हेही खरं नाही. आमच्या पार्किंगमध्ये रोज संध्याकाळी कल्ला असतो. चेंडू गाडीला लागला की वॉचमन शिट्टी मारतो आणि पोरं त्याला खेळात धरून त्याच्यावर राज्य देतात. मला फरक दिसतो तो एवढाच की दुपारी कोणी झोपत नाही. मोठी माणसं सतत जागी. मुलगा कुठे आहे, काय करतो, कुठवर आलं. यात मीही आहेच. किशोरचे जुने अंक आता बालभारतीनं नेटवर सगळ्यांसाठी फुकट ठेवलेत, ते मी मोठ्या हौसेनं भाचीला उघडून दिले आणि शेजारी बसून राहिले. एक कोडं सुटेपर्यंत तिनं सोसलं. मग म्हणाली, "मावशी, तू बघत बसू नकोस ना."

ताईचं सांगायचं राहिलं. ती आमच्यात सगळ्यांत मोठी आणि सूरपारंब्यांत तिला कोणी धरू शकत नसे. दादा धापा टाकत काठी घेऊन येईपर्यंत ही शेंड्याला. पारंबीवरून ती उतरायची ती थेट काठीच्या शेजारी. एका सुट्टीत आम्ही वडाकडे निघालो तर ती निघाली नाही. आजीनं तिला ओट्यावर बसवलं होतं. आता मोठी झालीस, उड्या पुरे, एवढंच आजी म्हणाली आणि हातात पुस्तक दिलं. आम्ही वडावरचा खेळ सोडून वाड्यासमोर विटीदांडू मांडला आणि ताईला पंच केलं. बसल्या जागेवरून तिला सगळं दिसायचं, ती कोणाची बाजू घेत नसे आणि हिशेब चोख ठेवायची. मध्येच पुस्तकात बोट घालून ओरडायची, "बाद! रेषेवर पाय आहे!" इतका चांगला पंच आम्हाला आधी मिळाला नव्हता आणि आम्ही खूश होतो.

तिच्या हातातल्या पुस्तकांत तरी काय होतं? फेणे सायकलवर, विक्रम स्मशानात, व्हर्नची माणसं चंद्राच्या वाटेवर. बाहेर पडणारे झाडून सगळे पुरुष. ताम्हनकरांनी चिंगीही लिहिली होती. ती ताईनं किती वेळा परत आणली, ते कार्डावर असेल. ओट्यावरचा उजेड कमी झाला की आजी डोळे बिघडतील म्हणून दिवा आणून ठेवायची. ऊठ म्हणायची नाही. सुट्टी संपताना आजी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगत होती, आमच्या पोरीनं वाचनालयातलं मुलांचं कपाट संपवलं. आम्हालाही कौतुकच वाटत होतं.

पुढे ओट्यावरची ती जागा माझ्याकडे आली. पंच म्हणून मी वाईट नव्हते. फक्त ते कपाट माझं तोवर दुपारी-दुपारीच वाचून झालं होतं.